घाटमाथ्यावर अडलेला लोहमार्ग

तारळी नदी जेथे कृष्णेला मिळते त्या संगमाच्या सान्निध्यात उंब्रज वसलेले आहे. आणि सातारा जिल्ह्याच्या दक्षिण भागातील दळणवळणाची सारी सुखदुःखे एकाच जागी उभे राहून पाहावयाची असतील तर या गावासारखे दुसरे ठिकाण सापडणार नाही. गावाच्या मधून पुणे-बेंगळूरु महामार्ग गेला आहे. पश्चिमेस चाफळच्या आणि मल्हारपेठच्या बाजूला वाटा फुटतात, त्या पुढे पाटणला जाऊन मिळतात, आणि पाटणहून कोयनेच्या खोऱ्याने चढत गेलेला रस्ता कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरतो. पूर्वेस कृष्णा ओलांडली की काही मैलांवर मसूर लागते, आणि तेथे पुणे-मिरज लोहमार्गावरचे छोटेसे स्थानक आहे. समर्थांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक उंब्रजला, एक मसूरला, एक शहापूरला आणि दोन चाफळला असावेत, ही गोष्ट या वाटांचे प्राचीनत्व सांगण्यास पुरेशी आहे. माणसांचा राबता जेथे होता तेथेच देवस्थाने उभी राहिली.

या परिसरात गेली अनेक वर्षे ज्या एका कामाची वाट पाहिली जात आहे ते काम म्हणजे कराड ते चिपळूण हा नवा लोहमार्ग. सुमारे १०३ किलोमीटर लांबीचा, कृष्णाखोऱ्याला कोकणाशी जोडणारा, पुणे-मिरज मार्ग आणि कोकण रेल्वे यांच्यामधला दुवा ठरणारा हा मार्ग कागदावर मंजूर आहे, त्याच्या पाहण्या झाल्या आहेत, त्याचे करार झाले आहेत आणि मोडलेही आहेत; आणि इतके सारे होऊनही त्यावरून गाडी कधी धावेल हे सांगू शकेल असा अधिकारी ना मंत्रालयात आहे ना रेल्वे बोर्डात. मंजुरी आणि पैसा यांच्यामध्ये एवढे अंतर कसे पडले, आणि ते मिटावयाचे असेल तर काय केले पाहिजे, याचा शोध घ्यावा या हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रथम थोडा इतिहास. आगगाडी येण्यापूर्वी या मुलखाचा समुद्राशी असलेला संबंध चिपळूणमार्गेच होता. दाभोळच्या खाडीतून गोवळकोटपर्यंत गलबते येत, तेथून मीठ, नारळ, सुकी मासळी घाटाने वर चढे आणि देशावरचा गूळ, मिरची, तंबाखू, धान्य खाली उतरे. कराड ही या व्यापाराची वरची पेठ, चिपळूण ही खालची. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने पुणे-मिरज-लोंढा हा मीटरगेज मार्ग बांधला आणि कृष्णेच्या पूर्वतीराने आगगाडी धावू लागली. त्याबरोबर देशावरचा माल उत्तरेस पुण्या-मुंबईकडे आणि दक्षिणेस मुरगाव बंदराकडे वळला, आणि कुंभार्लीची बैलांची रहदारी हळूहळू आटत गेली. लोहमार्गाने एका भागाचे भाग्य उजळते त्याच वेळी दुसऱ्या भागाच्या पेठा ओस पडतात, हे या खोऱ्याने सव्वाशे वर्षांपूर्वी अनुभवले आहे. मिरज-कोल्हापूर हा फाटा तर कोल्हापूर दरबाराने आपल्या खर्चाने बांधविला. त्याच्या कामाचा आरंभ १८८८ साली तरुण शाहू महाराजांच्या हस्ते झाला आणि १८९१ साली गाडी कोल्हापुरास पोहोचली. तीन वर्षांत काम पुरे झाले, कारण मार्ग कोणाचा आणि पैसा कोणाचा याविषयी संदिग्धता नव्हती. भूमीही सपाट होती, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

कराड-चिपळूण मार्गाची भूमी सपाट नाही, आणि सारे प्रकरण येथेच येऊन थांबते. कराडपासून पाटणपर्यंत कोयनेचे खोरे रुंद आहे, चढ सौम्य आहे. त्या टप्प्यात लोहमार्ग बांधणे हे कोणत्याही साधारण अभियंत्याला जमण्यासारखे काम आहे. परंतु कोयनानगरच्या पुढे सह्याद्रीची धार लागते आणि ती ओलांडताच भूमी एकाएकी पाचशे मीटरांहून अधिक खाली कोसळते. घाटमाथ्यापासून चिपळूणचे सरळ अंतर पंचवीस किलोमीटरही भरत नाही. मोटाररस्ता वळसे घेत हा उतार उतरतो. आगगाडीला तशी मुभा नाही. शंभर मीटर अंतरात एक मीटर इतका उतार धरला तरी पाचशे मीटर उतरण्यासाठी पन्नास किलोमीटर लांबीचा मार्ग लागतो, आणि तो डोंगराच्या कुशीतून लांबलांब वळणे देऊन किंवा बोगद्यांतून काढावा लागतो. १८६३ साली पुरा झालेल्या बोरघाटात सदतीस मीटरला एक मीटर असा तीव्र चढ इंग्रज अभियंत्यांनी पत्करला, आणि त्याची किंमत म्हणून आजही त्या घाटात गाड्यांना जादा इंजिने जोडावी लागतात. कोकण रेल्वेने मात्र दीडशे मीटरला एक मीटर याहून तीव्र चढ घ्यावयाचा नाही असा दंडक घालून घेतला, म्हणून तिचे पूल उंच झाले आणि बोगदे लांब.

याच उतारावर कोयना प्रकल्प उभा आहे. पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवून, डोंगर पोखरून ते पश्चिमेस पोफळीला सोडले, आणि त्या पडण्यातूनच १,९६० मेगावॅट क्षमतेची वीज निर्माण करण्याची सोय झाली. काम संपलेले पाणी वाशिष्ठीतून समुद्राकडे जाते. जलाशयाच्या तळाखालून बोगदा खणून अखेरचा खडकाचा पडदा पाण्याखाली स्फोटाने उडविण्याचा जो प्रयोग १९९९ च्या मार्चमध्ये येथे यशस्वी झाला, त्याचा अभिमान जिल्ह्यातील माणूस आजही बाळगतो. तेव्हा हा डोंगर पोखरण्याची विद्या आपल्यापाशी नाही असे कोणी म्हणू नये. मात्र या डोंगराचा स्वभावही विसरता येत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरचा भूकंप झाला, घरे जमीनदोस्त झाली, माणसे झोपेतच गेली. २०२१ च्या जुलैमध्ये अतिवृष्टीने पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळून वस्त्या गाडल्या गेल्या, त्याच दिवसांत चिपळूण पुराखाली बुडाले. शिवाय कोयना अभयारण्य आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे आणि पश्चिम घाटाची गणना २०१२ पासून जागतिक वारशात होते. या अरण्यातून उघड्यावर मार्ग काढणे योग्य होणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. जेथे अरण्य आहे तेथे मार्ग भूमीखालूनच गेला पाहिजे, आणि बोगद्याचा प्रत्येक किलोमीटर तिजोरीवर किती भार घालतो हे कोणत्याही बांधकाम खात्याच्या दरपत्रकावरून कळते.

आता पैशाकडे वळू. २०१२ च्या सुमारास, कराडचेच पृथ्वीराज चव्हाण राज्याचे मुख्यमंत्री असताना, या मार्गाला मंजुरीचे रूप आले. निम्मा भार केंद्राने आणि निम्मा राज्याने उचलावा असे ठरले, आणि त्या वेळी खर्चाचा अदमास नऊशे कोटींच्या आसपास होता. महाराष्ट्राने रेल्वेच्या कामात निम्मा वाटा उचलण्याचे धोरण अन्यत्रही स्वीकारले होते, त्यामुळे या ठरावाचे आश्चर्य कोणाला वाटले नाही. परंतु ठरावापाठोपाठ जी वर्षावर्षाची तरतूद यावयास हवी होती ती आली नाही. पुढे २०१६ साली, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, निराळा मार्ग धरण्यात आला. कोकण रेल्वे महामंडळ आणि शापूरजी पालनजी समूहातील कंपनी यांनी भागीदारीत हे काम करावे, महामंडळाचा हिस्सा २६ टक्के आणि कंपनीचा ७४ टक्के असावा, असा सामंजस्य करार झाला; तोपर्यंत खर्चाचा अदमास ३,२०० कोटींच्या घरात गेला होता. कराडपासून चिपळूणपर्यंत सर्वत्र आनंद झाला. पाटणच्या खोऱ्यात जमिनीला भाव चढले. काही काळाने कंपनी या भागीदारीतून बाहेर पडली, आणि मार्ग पुन्हा होता तेथे येऊन थांबला.

कंपनीला दोष देणे सोपे आहे, पण ते योग्य होईल असे मला वाटत नाही. उंब्रजच्या दक्षिणेस तासवडे येथे महामार्गावरचा टोलनाका आहे. तेथे थोडा वेळ थांबले तरी रस्त्याचा पैसा कसा परत मिळतो ते स्वच्छ दिसते. उसाने भरलेला ट्रॅक्टर बाजूने निघून जातो, मागोमाग ट्रक येतो, काचेवरच्या चिठ्ठीकडे यंत्र पाहते, दांडा वर जातो आणि रक्कम वळती होते. ट्रक कोणाचा, माल कोणता, हे नाकेवाल्याला विचारावे लागत नाही. रस्ता बांधणाऱ्याला दररोज किती वाहने जातात हे आधीच ठाऊक असते, कारण ती वाहने तेथून पूर्वीपासूनच जात असतात. लोहमार्गाचे तसे नाही. प्रवासी भाडे ठरविण्याचा अधिकार रेल्वे मंत्रालयाचा, मालाचे दर मंत्रालयाचे, गाड्या किती सोडावयाच्या हा निर्णयही मंत्रालयाचा. खासगी भागीदाराच्या हाती उरते ती केवळ आशा, की बंदरांतून देशावर माल येईल आणि देशावरून साखर आणि कारखान्यांचा माल बंदराकडे जाईल. ती आशाही आणखी एका अनिश्चित गोष्टीवर अवलंबून होती, कारण जयगडसारखी बंदरे कोकण रेल्वेला जोडणारे फाटेही त्याच काळात कागदावरच राहिले. फाटा नाही म्हणून बंदराचा माल गाडीवर चढत नाही, आणि माल चढत नाही म्हणून घाटातला मार्ग परवडत नाही, असा हा फेरा आहे. त्यातच वैभववाडी-कोल्हापूर या सुमारे १०७ किलोमीटरच्या दुसऱ्या मार्गालाही मंजुरी मिळाली. तोही सह्याद्री ओलांडणारा, तोही त्याच मालावर डोळा ठेवून योजलेला, आणि त्याचाही अदमास ३,४०० कोटींच्या आसपास. एकाच मालासाठी दोन मार्ग आणि दोन्हींसाठी पुरेसा पैसा नाही, अशा स्थितीत सावकाराने मागे पाऊल घेतले तर त्यात नवल नाही.

मग पैसा येतो कसा, याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत आणि दोन्ही बोधप्रद आहेत.

पहिले उदाहरण कोकण रेल्वेचे. बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यामागून मधु दंडवते यांनी संसदेत आयुष्यभर जिचा आग्रह धरला ती कोकण रेल्वे नेहमीच्या अंदाजपत्रकातून कधीच झाली नसती. १९८९ च्या अखेरीस जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री झाले, आणि १९९० च्या जुलैमध्ये या कामापुरते स्वतंत्र महामंडळ स्थापन करण्यात आले. भांडवलात केंद्राचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के वाटा ठरला; उरलेला पैसा रोखे विकून जनतेकडून उभारला. ई. श्रीधरन यांच्याकडे अधिकार आणि जबाबदारी दोन्ही दिल्या गेल्या. रोहा ते ठोकूर या ७४१ किलोमीटरच्या मार्गावर २६ जानेवारी १९९८ रोजी सर्वत्र वाहतूक सुरू झाली. खर्च सुमारे ३,५०० कोटी झाला आणि रोख्यांच्या व्याजाचा भार महामंडळाला पुढे दीर्घकाळ वाहावा लागला हे खरे. पण मार्ग झाला. त्याचा कोणीतरी धनी होता, आणि त्या धन्याजवळ कर्ज काढण्याचा अधिकार होता.

दुसरे उदाहरण मुंबईचे. कुलाबा ते सीप्झ या भुयारी मेट्रोची लांबी साडेतेहतीस किलोमीटर आणि खर्च, आरंभी २३ हजार कोटींचा अंदाज असूनही, ३७ हजार कोटींच्या पुढे गेला. कारशेडच्या जागेवरून वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले, सरकारे बदलली, काम काही काळ तहकूब राहिले. तरीही २०२४ च्या ऑक्टोबरात पहिला टप्पा आणि २०२५ च्या ऑक्टोबरात संपूर्ण मार्ग खुला झाला. जपानच्या जायका या संस्थेचे कर्ज हे त्याचे मुख्य अर्थबळ होते आणि त्या कर्जामागे भारत सरकारची हमी उभी होती. मुंबईला हा मार्ग मिळू नये असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. पाटण आणि कराड तालुक्यांतील किती घरांची चूल मुंबईच्या मजुरीवर पेटली आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने तसे म्हणूही नये. माथाडी कामगारांना १९६९ चा कायदा मिळवून देणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातील मंद्रुळ कोळे गावचे. या खोऱ्याने मुंबईला पाठीवर पोती वाहणारी माणसे पुरविली, गिरणीत राबणारे हात पुरविले. मग त्याच राज्याने एका किलोमीटरला हजार कोटींहून अधिक रक्कम राजधानीत खर्च करावी आणि घाटमाथ्यावरच्या १०३ किलोमीटरांसाठी ३,२०० कोटी उभे करताना मात्र खासगी भागीदाराच्या नफ्याचा हिशेब पुढे करावा, हे मला पटत नाही. मेट्रोचाही हिशेब केवळ तिकिटाच्या उत्पन्नावर कोणी मांडला नव्हता. रस्त्यावरची गर्दी कमी होईल, वेळ वाचेल, धूर कमी होईल, असा लोकहिताचा हिशेब तेथे मान्य झाला. तोच न्याय कुंभार्लीला लावता येत नाही, असे कोणते शास्त्र आहे?

दिरंगाईचा खर्च कोणाच्या खाती पडतो ते पाहावयाचे असेल तर अहिल्यानगर-बीड-परळी या मार्गाकडे पाहावे. २६१ किलोमीटरचा हा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला तेव्हा खर्चाचा अदमास साडेतीनशे कोटींच्या आसपास होता. तुटपुंज्या तरतुदींनी काम रखडत रखडत गेले, राज्याने निम्मा वाटा उचलला तेव्हा त्याला वेग आला, आष्टीपर्यंत गाडी २०२२ च्या सप्टेंबरात पोहोचली, बीडला २०२५ च्या सप्टेंबरात. आणि एकूण अदमास ४,८०० कोटींच्या पुढे गेला. कराड-चिपळूणच्या २०१६ च्या आकड्यावर वर्षाला केवळ सहा टक्के वाढ धरली तरी बारा वर्षांत तो दुप्पट होतो. जमिनीच्या मोबदल्याचा नवा कायदा २०१४ पासून अंमलात आल्यावर ग्रामीण जमिनीची किंमत बाजारभावाच्या काही पटींनी द्यावी लागते. ते शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वथा न्याय्य आहे, पण उशिराची किंमत त्यानेही वाढते.

शेतकऱ्याच्या बाजूने या अनिश्चिततेचे दुःख आकड्यांत मोजता येत नाही. पाहणीची पथके येतात, शिवारातून दुर्बीण लावून रेषा आखतात, खुणेचे दगड पुरतात आणि निघून जातात. ज्याच्या गटातून रेषा गेली तो त्या तुकड्यावर विहीर काढावी की नाही, द्राक्षाचा मांडव घालावा की ऊसच ठेवावा, मुलाच्या नावे वाटणी करून फेरफार नोंदवावा की थांबावे, या विचारात वर्षे घालवितो. सातबाऱ्यावर कोणताही बोजा नसतो, भूसंपादनाची अधिसूचना नसते, तलाठ्यापाशी विचारणा केली तर दप्तरात काही नाही असे उत्तर मिळते. आणि तरीही गिऱ्हाईक त्या जमिनीकडे वळत नाही किंवा वळले तर दलाल म्हणून वळते. या खोऱ्याला जमीन देण्याचा अनुभव नवा नाही. कोयनेच्या जलाशयाखाली गावेच्या गावे गेली, त्यांतील अनेक कुटुंबांच्या पुनर्वसनाचे प्रश्न सहा दशके उलटूनही संपलेले नाहीत, आणि तारळीच्या धरणानेही माणसे उठविली. म्हणून लोहमार्ग हवा म्हणणारा पाटणचा माणूसही मोबदल्याचे काय ते आधी बोला असे म्हणतो. त्याच्या या म्हणण्यामागे वाडवडिलांनी सोसलेले आहे.

अर्धवट बांधलेल्या मार्गाविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण या बाबतीत उत्साही लोकांशी माझा मतभेद आहे. निदान कराड-पाटण एवढा तरी टप्पा आधी बांधा, म्हणजे कामाला सुरुवात झाली असे होईल, असा आग्रह वारंवार ऐकू येतो. आपल्याच जिल्ह्यात लोणंद-फलटण हा मार्ग दीर्घ प्रतीक्षेनंतर २०१९ साली सुरू झाला. पण पुढचा फलटण-बारामती दुवा जोडला गेलेला नसल्यामुळे त्याचे पूर्ण सामर्थ्य प्रकट झाले नाही. आष्टीपर्यंतच्या गाडीलाही पुढचा मार्ग होईपर्यंत प्रवासी मोजकेच मिळत. कराडहून पाटणला जाणाऱ्या माणसाला एस.टी. पुरेशी आहे, साखरेच्या पोत्याला पाटण हे अंतिम ठिकाण नाही. या मार्गाचे सारे मोल घाट ओलांडण्यात आहे, आणि घाट न ओलांडता बांधलेला तुकडा उद्या रेल्वेच्याच अहवालात तोट्याचा म्हणून नोंदला जाईल आणि तोच अहवाल उरलेले काम थांबविण्यासाठी पुढे केला जाईल.

म्हणून माझे म्हणणे उलट आहे. आधी घाट. कोयनानगर ते चिपळूण हा अवघड टप्पा उरलेल्या मार्गापासून हिशेबाने वेगळा काढावा आणि तो धरणासारखे सार्वजनिक काम मानून केंद्र व राज्य यांनी निम्म्या-निम्म्या भागाने, रोख्यांनी अथवा दीर्घ मुदतीच्या कर्जाने, आपल्या अंगावर घ्यावा. खासगी भांडवल ज्याला भिते ते एवढेच आहे. कराडपासून कोयनानगरपर्यंतच्या सपाट टप्प्याला आणि बंदरांच्या फाट्यांना भागीदार मिळणे त्यानंतर कठीण राहणार नाही. कोयना प्रकल्प उभारताना वीज विकून बोगद्याचे व्याज फिटेल का, एवढाच प्रश्न कोणी विचारला असता तर आज पोफळीला एकही जनित्र फिरले नसते.

आणि घाटाचे काम हाती घ्यावयाचे तर आरंभ भूगर्भाच्या तपासणीपासून झाला पाहिजे. भूकंपप्रवण भागात, दरडींच्या प्रदेशात, बेसाल्टच्या थरांमधील मुरमाच्या पट्ट्यांतून बोगदा नेमका कोणत्या पातळीवर न्यावयाचा, पाणी कोठे फुटेल, अरण्याखालून कोठे जावयाचे आणि उजेडात कोठे यावयाचे, हे भूवेधनाची यंत्रे घाटमाथ्यावर नेऊन खडकाचे नमुने काढल्यावाचून कळत नाही. मार्गाच्या खर्चाच्या मानाने या तपासणीचा खर्च किरकोळ आहे. राज्याच्या एका वर्षाच्या अंदाजपत्रकात त्याची तरतूद सहज होऊ शकते, आणि त्यासाठी कोणत्याही कंपनीची, कोणत्याही कराराची वाट पाहावी लागत नाही. तिचा निष्कर्ष प्रतिकूल आला तर मार्ग रद्द करून पाटणच्या शिवारातील खुणेचे दगड सरकारने स्वतःच्या माणसांकरवी उपटून न्यावेत आणि तसे ग्रामसभेत लेखी कळवावे. अनुकूल आला तर ३,२०० कोटींच्या जुन्या अदमासाऐवजी ज्यावर सावकार विश्वास ठेवील असा नवा आकडा हाती येईल, आणि भूसंपादनाची अधिसूचना त्याच वर्षी काढता येईल.

पाऊस ओसरला की दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत घाटमाथ्यावर काम करता येते.